१ नोव्हेंबर : रोजकीर्दीत राहून गेलेली नोंद



दरवर्षी १ नोव्हेंबरच्या सकाळी विद्यानगरात पी. बी. रोडवर एकच दृश्य दिसते. रिक्षांना लाल-पिवळे झेंडे लागलेले असतात, चौकात भुवनेश्वरीदेवीच्या प्रतिमेला हार घातलेला असतो, ध्वनिक्षेपकावर कन्नड गीते चालू असतात आणि शाळांची मुले रांगेने निघालेली असतात. बँकेला सुटी असते. त्याच सकाळी बेळगावहून मावसभावाचा फोन येतो. तो दंडाला काळी फीत बांधून सायकल फेरीला निघालेला असतो. "दादा, तुमच्याकडं आज काय?" असे तो विचारतो. गेली वीस वर्षे मी त्याला एकच उत्तर देत आलो आहे, "काय नाही रे, सुटी आहे."

हे उत्तर माझ्या एकट्याचे नाही. हुबळी-धारवाडात चार-पाच पिढ्या राहिलेल्या आपणा सर्व मराठी कुटुंबांचे ते उत्तर आहे. बेळगावात हा दिवस काळा, बंगळुरात हा दिवस सोन्याचा आणि आपल्याकडे तो कपडे वाळत घालण्याचा. एवढ्या मोठ्या तारखेविषयी आपले काहीच म्हणणे असू नये, हे या वर्षी मला खटकले. म्हणून या अंकाचे संपादकीय या तारखेवरच लिहीत आहे.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि पोटापाण्याने बँकेतला कारकून. इतिहास हा माझा विषय नव्हे. पण आमच्या धंद्यात एक सवय लागते. एखाद्या तारखेविषयी वाद निघाला की आम्ही त्या दिवसाची रोजकीर्द काढतो आणि पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत वाचतो. जमेची बाजू तेवढी वाचून उठायचे नाही आणि नावेची बाजू तेवढी वाचून कपाळाला हात लावायचा नाही. आपल्या देशाच्या १ नोव्हेंबरची रोजकीर्द मी अशीच काढून पाहिली. तिच्यात सर्वांच्या तोंडी असलेल्या नोंदी सापडल्याच, पण आपल्या अगदी कामाची एक नोंद कोणी वाचतच नाही असेही आढळले.

पहिली मोठी नोंद १८५८ सालची. १ नोव्हेंबर १८५८ रोजी अलाहाबादेस लॉर्ड कॅनिंग यांनी राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचून दाखविला आणि ईस्ट इंडिया कंपनीचे राज्य संपून देश थेट राणीच्या अमलाखाली गेला. संस्थानिकांशी झालेले करार पाळले जातील, धर्मात ढवळाढवळ होणार नाही, अशी आश्वासने त्यात होती. आपल्या भागाला ही आश्वासने पाच महिने उशिरा मिळाली. आपल्या शेजारच्या नरगुंदचे संस्थानिक भास्करराव उर्फ बाबासाहेब भावे यांना पुत्र नव्हता आणि दत्तक घेण्यास कंपनी सरकारने परवानगी नाकारली होती. २९ मे १८५८ च्या रात्री सुरेबान येथे पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला, जून उजाडताच नरगुंद पडले आणि १२ जून रोजी बाबासाहेबांना बेळगावात फाशी देण्यात आले. बाबासाहेबांच्या घरची भाषा मराठी होती. तरीही कर्नाटक त्यांना आपला स्वातंत्र्यवीर मानते आणि नरगुंदचे बंड हा कन्नड मुलांच्या पाठ्यपुस्तकातला अभिमानाचा विषय आहे. ही गोष्ट मनात ठेवावी, पुढे कामी येईल.

दुसरी नोंद १९५४ सालची. १ नोव्हेंबर १९५४ रोजी पाँडिचेरी, कारैकल, माहे आणि यानम या फ्रेंच वसाहतींचा कारभार भारताकडे आला. गोळीबार नाही, लष्कर नाही, चर्चेने काम झाले. पुढे १९५६ मध्ये जो करार झाला त्यात तेथील लोकप्रतिनिधी वेगळा निर्णय घेईपर्यंत फ्रेंच ही त्या प्रदेशाची अधिकृत भाषा राहील असे कलमही घातले गेले. राज्य बदलले तरी भाषेची तजवीज कागदावर करून ठेवता येते, याचे हे उदाहरण आहे.

आता मुख्य नोंद. १ नोव्हेंबर १९५६, वार गुरुवार, दिवाळीचे दिवस. राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला आणि देशात १४ राज्ये व ६ केंद्रशासित प्रदेश झाले. केरळ जन्माला आले, तेलंगणासह आंध्र प्रदेश झाला, मध्य प्रदेशाची नवी मांडणी झाली. विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्यात आले, कच्छ आणि सौराष्ट्रही आले, आणि त्या विशाल द्विभाषिकाचे मुख्यमंत्री म्हणून यशवंतराव चव्हाण यांनी त्याच दिवशी सूत्रे घेतली. मुंबई राज्यातून मात्र धारवाड, विजापूर, कारवार हे जिल्हे आणि चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. निजलिंगप्पा त्या मोठ्या राज्याचे मुख्यमंत्री झाले.

माझे आजोबा तेव्हा मामलेदार कचेरीत कारकून होते. ते सांगत, "बुधवारी संध्याकाळी मुंबई सरकारचा नोकर म्हणून घरी गेलो, गुरुवारी म्हैसूर सरकारचा नोकर म्हणून उठलो. टेबल तेच, दौत तीच, शिपाई तोच." त्यांच्या बरोबरीच्या काहींनी पुण्याकडे बदली मागून घेतली. आजोबांनी मागितली नाही. घर इथे, शेत इथे, कुलदैवत इथे, शेजारी इथले. "राज्य गेलं तर जाऊ दे, गाव कुठं गेलंय?" असे ते म्हणत. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी हेच वाक्य थोड्याफार फरकाने ऐकलेले असेल. आपण सरहद्द ओलांडून इकडे आलो नाही. सरहद्दच आपल्या उत्तरेकडे सरकली.

या नोंदीच्या दोन्ही बाजू नीट वाचल्या पाहिजेत. बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवार भागातल्या मराठी माणसाला त्या दिवशी जे वाटले ते खोटे नव्हते. त्याच वर्षी १७ जानेवारीला बेळगावात गोळीबारात माणसे पडली होती. पण कन्नड माणसाला जे वाटले तेही खोटे नव्हते. कन्नड बोलणारे लोक म्हैसूर, मुंबई, हैदराबाद, मद्रास आणि कूर्ग अशा पाच कारभारांत वाटले गेले होते. एकीकरणासाठी १९५३ मध्ये आपल्या हुबळीजवळच्या अदरगुंचीत शंकरगौडा पाटील उपोषणाला बसले आणि एप्रिलमध्ये हुबळीच्या रस्त्यांवर दंगल उसळली. ज्या घराचे पाच तुकडे एकत्र आले त्याने तोरण बांधले तर त्यात आपल्याला वाईट वाटण्यासारखे काय आहे?

त्यानंतरच्या नोंदी भराभर वाचू. १ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची वाटणी होऊन हरयाणा झाले आणि चंदिगड केंद्रशासित झाले. ते दोघांचीही राजधानी आहे आणि त्याचा वाद आजही मिटलेला नाही. त्याच्या आदल्याच आठवड्यात आपल्या सीमेसाठी माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला. आयोगाने १९६७ मध्ये बेळगाव शहर म्हैसूरकडे ठेवून २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला द्यावीत असे सुचविले, महाराष्ट्राने ते नाकारले, आणि २००४ पासून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. १ नोव्हेंबर १९७३ रोजी देवराज अर्स यांच्या काळात म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळे झाले. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बारा शहरांची नावे बदलली, हुबळीचे हुब्बळ्ळी आणि बेळगावचे बेळगावी झाले. त्या वेळी शाखेतले रबरी शिक्के बदलण्याचे काम माझ्याकडेच होते. जुने शिक्के गोळा करताना काउंटरवरचे एक म्हातारे खातेदार म्हणाले, "तोंडानं आम्ही हुबळीच म्हणणार, चालेल ना?" मी म्हटले, "अज्जा, तोंडावर शिक्का नाही."

एक नोंद काळजीपूर्वक वाचण्यासारखी आहे. १ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत शीख कुटुंबांवर हल्ले चालू होते. आदल्या दिवशीपर्यंत जे शेजारी होते, दुकानदार होते, टॅक्सी चालवणारे होते, ते त्या दिवशी नुसते शीख ठरले आणि मारले गेले. भाषा असो, धर्म असो, माणसाची सगळी ओळख एका शब्दात कोंबली की काय होते, हे त्या नोंदीत लिहिलेले आहे. सीमेवर बसच्या काचा फुटतात, फलकांना काळे फासले जाते, २०२२ च्या डिसेंबरात झाल्या तशा दोन्ही राज्यांच्या बसगाड्या बंद होतात, तेव्हा इकडच्या किंवा तिकडच्या कोणाच्याही मर्दुमकीला टाळ्या वाजवण्यापूर्वी आपण ही नोंद आठवावी. आपण दोन्हीकडून थोडके आहोत. पुण्याला गेलो की नातेवाईक आपल्या हेल काढून बोलण्याला हसतात आणि 'कानडी' म्हणतात, इकडे भांडण पेटले की आपण 'मराठी' होतो.

आता ती राहून गेलेली नोंद.

१ नोव्हेंबर १९५६ या दिवशी राज्य पुनर्रचना कायद्याबरोबरच आणखी एक गोष्ट अमलात आली. ती म्हणजे राज्यघटनेची सातवी दुरुस्ती. राज्यांची नवी यादी घटनेत बसवण्यासाठी ती करावी लागली, म्हणून लोक तिला त्या कायद्याची पुरवणी समजतात. पण फाजल अली, कुंझरू आणि पणिक्कर यांच्या आयोगाने १९५५ च्या अहवालात एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती. रेषा कशीही ओढली तरी प्रत्येक राज्यात दुसऱ्या भाषेचे लोक राहणारच, तेव्हा त्यांची व्यवस्था घटनेत करा. त्या शिफारशीमुळे सातव्या दुरुस्तीने घटनेत दोन नवी कलमे आली. कलम ३५०-अ सांगते की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि प्रत्येक स्थानिक संस्थेने करावा, आणि त्यासाठी राष्ट्रपती आवश्यक ते निर्देश देऊ शकतात. कलम ३५०-ब प्रमाणे भाषिक अल्पसंख्याकांसाठी एक विशेष अधिकारी नेमायचा, त्याने पाहणी करून राष्ट्रपतींना अहवाल द्यायचा आणि तो अहवाल संसदेपुढे यायचा. हे कार्यालय १९५७ पासून सुरू झाले. त्याचे मुख्य ठाणे कित्येक दशके अलाहाबादेत होते आणि विभागीय कार्यालयांपैकी एक आपल्या बेळगावात होते.

म्हणजे ज्या तारखेने आपल्याला मुंबई राज्यातून उचलून दुसऱ्या खात्यात टाकले, त्याच तारखेने आपल्या नावावर एक ठेवही जमा केली. खाते बदलल्याची नोंद आपण सत्तर वर्षे आठवणीत ठेवली. ठेवीची पावती मात्र कपाटात पडून राहिली. बँकेत दहा वर्षे कोणी विचारले नाही तर ठेवीची रक्कम बेवारस ठेवींच्या वेगळ्या निधीत जाते. ती बुडत नाही, अर्ज करून परत मिळते, पण अर्ज कोणी तरी करावा लागतो. हक्कांचेही असेच आहे.

ही ठेव मराठी माणसाच्या एकट्याच्या नावावर नाही, हेही लक्षात घ्यावे. त्याच १ नोव्हेंबर १९५६ रोजी दक्षिण कानडा जिल्ह्याचा कासारगोड तालुका मद्रास राज्यातून केरळात गेला. तेथील कन्नड माणसासाठी ही तारीख बेळगावच्या मराठी माणसाच्या तारखेसारखीच आहे. कवी कय्यार किंञण्ण रै यांनी कासारगोड कर्नाटकात यावे यासाठी हयात घालवली. महाजन आयोगाने चंद्रगिरी नदीच्या उत्तरेचा भाग कर्नाटकाला द्यावा असे म्हटले, केरळाने ते मानले नाही. आज कासारगोडच्या कन्नड शाळांत कन्नड न येणारा शिक्षक नेमला की कर्नाटकात संताप होतो, आणि तो योग्यच आहे. जत आणि अक्कलकोटच्या कन्नड शाळांसाठी कर्नाटक आवाज उठवते, तेही योग्यच. ते सगळे कलम ३५०-अ चेच बोलणे आहे. जे माप कासारगोडात, तेच खानापुरात. जे जतमध्ये, तेच निपाणीत. या एका वाक्यावर कन्नड आणि मराठी दोघांनीही सही करायला हरकत नसावी. आणि ते वाक्य मोठ्याने बोलायला आपल्याइतका योग्य माणूस दुसरा कोण आहे? आपल्याला दोन्ही भाषांत ते न अडखळता बोलता येते.

मात्र बोलण्यापूर्वी एक कबुली द्यायला हवी. एकेकाळी माप आपल्या हातात होते. १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडचा किल्ला टिपूकडून घेतला आणि १८१७ मध्ये हा भाग कंपनीकडे गेला, पण कचेरीतली मराठी आणि मोडी लिपी पुढेही बराच काळ टिकली. सरकारी शाळा निघाल्या तेव्हा कन्नड मुलांनाही मराठीतून शिकावे लागे. डेप्युटी चन्नबसप्पांसारख्या अधिकाऱ्यांनी कन्नड शाळांसाठी आयुष्य वेचले, १८९० मध्ये धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापन झाला, आणि कन्नडला तिच्याच घरात जागा मिळाली. आपल्या पणजोबांच्या पिढीतील अनेकांना त्या वेळी हे अन्यायाचे आहे असे सुचलेही नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते. आज आपण मातृभाषेचा हक्क मागतो तेव्हा विद्यावर्धक संघाच्या संस्थापकांनी आपल्याच पूर्वजांपुढे हेच मागितले होते, हे मोकळेपणाने सांगावे. त्याने आपली बाजू दुबळी होत नाही, उलट खरी ठरते.

आणि या जुन्या हिशेबात केवळ कटुताच आहे असेही नाही. पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात शिकलेल्या आलूर वेंकटराव यांनी कर्नाटक एकीकरणाचा ध्वज खांद्यावर घेतला आणि टिळकांचे 'गीतारहस्य' कन्नडात नेले. द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी होती, सोलापुरात त्यांनी वर्षानुवर्षे अध्यापन केले, मराठीतही लिहिले आणि ज्ञानपीठ मिळवले ते कन्नड कवी म्हणून. जी. ए. कुलकर्णी धारवाडच्या कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि घरी बसून मराठी कथेला नवे वळण देत. कुंदगोळचे सवाई गंधर्व मराठी रंगभूमीवर गाजले आणि त्यांच्या शिष्या गंगूबाई हनगल शेवटपर्यंत हुबळीकरच राहिल्या. या माणसांना कोणत्या बाजूला लिहायचे? त्यांच्यापैकी कोणालाही दुसरी भाषा आल्यामुळे पहिली विसरावी लागली नाही. ही धारवाडची खरी रीत आहे.

ती रीत आपल्या घरात मोडत चालली आहे, आणि इथे मी माझीच गोष्ट सांगतो. मुलीला शाळेत घातले तेव्हा अर्जात 'मातृभाषा' असा रकाना होता. मी 'मराठी' लिहिले. पुढच्या रकान्यात माध्यम 'इंग्रजी', दुसरी भाषा 'कन्नड', तिसरी 'हिंदी'. अर्ज भरताना मनात काही आले नाही. परवा माळ्यावरची ट्रंक साफ करताना आजोबांची पत्रे सापडली. चांगल्या वळणदार बाळबोध अक्षरात लिहिलेली. मुलगी आता नववीत आहे, हुशार आहे. हिंदी शिकल्यामुळे अक्षरे तिला लागली, पण दोन ओळी वाचून तिने पत्र खाली ठेवले आणि विचारले, "बाबा, यात काय लिहिलंय, इंग्लिशमध्ये सांगाल का?" तिला बोलता येते, सणाला आरती पाठ म्हणता येते. वाचून कळत नाही. माझ्या आजोबांचे मराठी कर्नाटक सरकारने माझ्या मुलीपासून हिरावले नाही. कोणत्या संघटनेनेही नाही. तो अर्ज मी माझ्या हाताने, माझ्या पेनाने भरला होता.

याच गावात एका मराठी शाळेचे वर्ग एकामागून एक कमी होत गेले, तेव्हा आपल्या मंडळाच्या बैठकीत जोरदार भाषणे झाली होती. निवेदनाचा मसुदाही झाला. तेवढ्यात एका वडीलधाऱ्या सभासदांनी शांतपणे विचारले, "इथं बसलेल्यांपैकी किती जणांची मुलं त्या शाळेत आहेत?" एकही हात वर झाला नाही. निवेदन पाठवले गेले की नाही हे मला आठवत नाही. तो प्रश्न मात्र आठवतो.

मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणासाठी १९४९ च्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत एक व्यवहारी निकष ठरला होता. शाळेत त्या भाषेची चाळीस मुले असावीत, किंवा एका वर्गात दहा असावीत, म्हणजे शिक्षक द्यावा. चाळीस आणि दहा. घटनेतली एवढी मोठी तरतूद शेवटी या दोन लहान आकड्यांवर येऊन थांबते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्याच प्रकरणात सांगितले की मुलाने प्राथमिक शाळेत कोणत्या माध्यमातून शिकावे हे पालकाने ठरवायचे, सरकारला मातृभाषेची सक्ती करता येणार नाही. म्हणजे किल्ली आपल्याच हातात आहे. आणि आपण ती इंग्रजीच्या कुलपाला लावली.

कोणी म्हणेल, "हुबळीत मराठी शिकून नोकरी कोण देतो?" प्रश्न रास्त आहे. मी स्वतः नोकरदार आहे, उद्या सगळ्यांनी इंग्रजी माध्यम सोडावे असा उपदेश मी करणार नाही आणि केला तर तुम्ही ऐकणार नाही. माझे मागणे लहान आहे. आपल्या मुलाला मराठी वाचता आणि लिहिता यावे. देवनागरी अक्षरे त्याला शाळेच्या हिंदीमुळे येतातच, अर्धे काम झालेले आहे. राहते ते आठवड्यातले दोन तास.

कोणी असेही विचारेल, "मग १ नोव्हेंबरला आपण करायचे काय? झेंड्याला जायचे की काळी फीत लावायची?" याचे उत्तर मी माझ्यापुरते देतो. बेळगावचा मराठी माणूस शांतपणे काळी फीत लावतो तो त्याचा लोकशाहीतला अधिकार आहे आणि त्याचा दावा न्यायालयात आहे. त्याची टिंगल आपण करू नये आणि कोणी केली तर त्यात सामीलही होऊ नये. पण हुबळी-धारवाडवर आपला कोणताही दावा नव्हता आणि नाही. हा कन्नड मुलूख आहे आणि आपण त्यातले जुने रहिवासी आहोत. त्यांचा प्रश्न हद्दीचा आहे, आपला घरातला आहे. म्हणून राज्योत्सवाच्या ध्वजारोहणाला आपण जावे, मान खाली घालून नव्हे तर घरचे कार्य म्हणून जावे, आणि तेथून परत येऊन आपले काम करावे. ते काम मी मंडळाच्या कार्यकारिणीपुढे पुढीलप्रमाणे मांडत आहे.

पहिले, शिरगणती. विद्यानगर, देशपांडेनगर, मराठा गल्ली, दाजीबान पेठ, जुनी हुबळी आणि धारवाड येथील मराठी घरांतील पाच ते चौदा वयाची मुले किती, याची नोंदवही घरोघर जाऊन दोन महिन्यांत तयार करावी. आकडा हाती नसताना हक्क मागणे म्हणजे खात्यात शिल्लक न पाहता धनादेश फाडणे होय. मी वही घालून देतो, प्रत्येक पेठेतून दोन तरुण हवेत.

दुसरे, शनिवारचा वर्ग. मंडळाच्या सभागृहात दर शनिवारी संध्याकाळी दोन तास मराठी वाचन-लेखन. निवृत्त शिक्षक आपल्यात आहेत, त्यांनी पुढे यावे. आपल्या कन्नड शेजाऱ्यांच्या मुलांना यायचे असेल तर त्यांनाही दार उघडे ठेवावे. आणि आपल्यापैकी ज्यांना कन्नड बोलता येते पण लिहिता येत नाही अशांसाठी त्याच वेळी शेजारच्या खोलीत कन्नडचा वर्ग असावा.

तिसरे, अर्ज. शिरगणतीत जिथे चाळीस किंवा दहा हा आकडा भरेल आणि पालक लेखी तयारी दाखवतील, तिथे कलम ३५०-अ चा उल्लेख करून शिक्षण खात्याकडे रीतसर अर्ज करावा आणि प्रत भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे पाठवावी. भाषण नको, मोर्चा नको. अर्ज, पोच आणि पाठपुरावा. पालक तयार नसतील तर अर्ज करू नये. आपलीच मुले नसताना शाळा मागण्याची नामुष्की पुन्हा नको.

चौथे, एक ठराव. सीमेच्या दोन्ही बाजूंना, आणि कासारगोडातही, भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळांना एकच माप लावावे, असा ठराव मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत करून आपण शहरातील कन्नड संस्थांना समक्ष नेऊन द्यावा. चहाला बोलावले तर बसावे.

निवडणुका आल्या की सर्व पक्षांचे पुढारी आपल्या दारी येतात. ते आपल्याला जातीच्या नावाने ओळखतात, कारण त्या यादीत मतांचा आकडा असतो. २०२० मध्ये मराठा विकास महामंडळाची घोषणा झाली, तिच्या विरोधात बंदही झाला, आणि त्या गदारोळात जात कोणती आणि भाषा कोणती हा फरकच पुसला गेला. मराठी ही येथील ब्राह्मणाची आहे, मराठ्याची आहे, शिंप्याची, सोनाराची, चर्मकाराची आणि कित्येक मुसलमान घरांचीही आहे. शिरगणती करताना या सर्व घरांत गेलो तरच ती मराठीची शिरगणती होईल. नाही तर ती आपल्या ओळखीच्या माणसांची यादी होईल.

आपण ज्या रस्त्याच्या कडेला राहतो त्याचे नाव पी. बी. रोड. पुणे-बंगळूर रस्ता. त्याचे एक टोक तिकडे आणि एक टोक इकडे. रस्त्याच्या नावातून अजून कोणी पुणे काढलेले नाही आणि काढण्याचे कारणही नाही. आपल्या मुलांनी त्या रस्त्यावरून दोन्हीकडे जावे, दोन्हीकडच्या पाट्या वाचाव्यात, आणि माळ्यावरच्या ट्रंकेतली पत्रेही वाचावीत, एवढीच इच्छा आहे.

येत्या १ नोव्हेंबरला सकाळी मावसभावाचा फोन येईल. "दादा, तुमच्याकडं आज काय?" असे तो विचारील. त्याला सांगायला या वेळी माझ्याकडे काही तरी असावे. निदान शनिवारच्या वर्गात किती मुले बसतात, तो आकडा तरी असावा. ज्यांना नोंदवहीच्या कामात भाग घ्यायचा आहे त्यांनी पुढच्या मासिक सभेला अवश्य यावे आणि येताना एका तरुणाला बरोबर आणावे.